पापलेटाच्या तीन रिंगा

सकाळी साडेआठच्या सुमाराला माझा फोन एकदा वाजतो आणि गप्प होतो. घरात कुणी पाहुणा असला तर तो म्हणतो, "अगं, बघ तरी कुणाचा आहे." मी चहा गाळता गाळता सांगते, "काही नाही, बांगडे आलेत." पाहुणा आधी फोनकडे बघतो, मग माझ्याकडे. आमच्या बार्शीत समुद्र फक्त भूगोलाच्या पुस्तकात, आणि मी तर जन्मात मासा खाल्लेला नाही. तरीही मी उलट एक रिंग देते. तिचा अर्थ, 'माझ्यासाठी ठेव.' तिकडे मालवणात काकी खूश होते आणि माझ्या वाटचे बांगडे दुसऱ्या कुणाला तरी विकून टाकते.

काकी म्हणजे मी बार्शीला परत येण्याआधीची माझी मालवणातली घरमालकीण. टपाल खात्याने मला बार्शीहून उचलून थेट मालवणात टाकलं, तेव्हा बंदराजवळच्या तिच्या घराची मागची खोली मी भाड्याने घेतली. खोली दाखवायच्या आधी तिने मला दोन प्रश्न विचारले. पहिला, "मासे खातंस?" मी नाही म्हटलं. तापाने फणफणलेल्या माणसाकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं. दुसरा प्रश्न, "फोनार गाणा लावलंस?" मला कळेना. ती कॉलर ट्यूनबद्दल विचारत होती. माझ्या फोनवर एक भक्तिगीत होतं, तसं मी जरा अभिमानानेच सांगितलं.

"ता काढ आधी," ती म्हणाली, "मगे सामान आण."

देवाचं गाणं चालत नाही म्हणजे ही बाई आहे तरी कोण, असं मला वाटलं. उलगडा दुसऱ्या दिवशी सकाळी झाला. काकी बंदरावरच्या लिलावात पहाटे मासळी घ्यायची, पण बाजारात पाटी मांडून बसायची नाही. तिची चाळीस घरं ठरलेली होती. घरी येऊन ती ओट्यावर बसायची आणि एकेका घराला मिस कॉल द्यायची. एक रिंग म्हणजे बांगडे. दोन म्हणजे सुरमई. तीन म्हणजे पापलेट. चार म्हणजे कोळंबी. आणि पाच म्हणजे, आज माझ्याकडे काही नाही, अंडी उकडा. ज्याला हवं त्याने उलट एक रिंग द्यायची. एवढ्यावर चाळीस घरांची दुपारची आमटी ठरायची. गाणं लावलेल्या फोनवर तिला रिंगा मोजता येत नसत, म्हणून अशा घरांना तिने वाळीतच टाकलं होतं. चांगले शिकलेसवरलेले लोक पापलेटासाठी आपापली गाणी काढून बसले होते.

फोन उचलायचा नाही, हा या धंद्यातला पहिला आणि शेवटचा कायदा. एखादी नवी सून चुकून उचलायची आणि गोड आवाजात "हॅलो" म्हणायची. काकी तिकडून कडाडायची, "उचललंस कित्याक?" आणि बंद. त्या घरात त्या दिवशी वरणभात. मी एकदा विचारलं की दोन शब्द बोलल्याने काय बिघडतं. ती म्हणाली, "बोलाक लागला की माणसा भाव करूक लागतत. मासो आधी डोळ्यांनी बघा, मगे तोंड उघडा."

"पण काकी, आता बोलणं फुकट असतं."

"वारो पण फुकट आसा. म्हणान कोण दिवसभर तोंड उघडा टाकून बसता?"

मी पडले टपाल खात्यातली. माझा पगार लोकांचे निरोप पोचवण्याचा, आणि ही बाई एक अक्षर न लिहिता, न बोलता अर्ध्या मालवणाला निरोप पोचवत होती. तिच्या फोनमध्ये एकही नाव साठवलेलं नव्हतं. चाळीसच्या चाळीस नंबर तोंडपाठ. घरं ज्या क्रमाने रस्त्यात लागतात त्या क्रमाने ते ती घडाघडा म्हणायची. नाव लिहून ठेवलं की माणूस विसरायला होतं, असं तिचं म्हणणं. मला माझ्या सख्ख्या भावाचा नंबर आजही पाठ नाही.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की या रिंगा नुसत्या मासळीपुरत्या राहिलेल्या नाहीत. तिची जाऊ शेजारच्या घरात राहायची. दोघींचं भांडण झालं की काकी तिला भर दुपारी पाच रिंगा द्यायची. म्हणजे, तुझ्यासाठी आज माझ्याकडे काही नाही. संध्याकाळपर्यंत राग उतरला की एक. जाऊबाई ती ऐकून उलट एक द्यायच्या आणि भाकऱ्या थापायला लागायच्या. चहा झाला की मलाही एक रिंग यायची. आमच्या खोल्यांमध्ये फळ्यांची भिंत होती. फोन वाजायचा आणि त्याच फळीमागून तिचं हसूही ऐकू यायचं. मला ती नावाने कधी हाक मारत नसे, पोस्टीण म्हणायची. मासे न खाणारी पोस्टीण मासळीचे आकडे शिकली याचं तिला फार कौतुक होतं. "खाव नको," म्हणायची, "पण वळख ठेव."

काकीला एकच मुलगी. ती नर्स होऊन आयर्लंडला गेली होती आणि लग्नही तिकडेच नोकरी करणाऱ्या आपल्याकडच्याच मुलाशी झालं होतं. मी मालवणात यायच्या आदल्या वर्षी तिला दिवस गेले आणि सातव्या महिन्यात बाळ हातचं गेलं. ती गोष्ट मला जाऊबाईंनी सांगितली. लेकीने फोनवर सांगितलं, काकीने ऐकलं, फोन ठेवला आणि चार दिवस बंदरावर गेली नाही. चाळीस घरांना काय झालं ते कळेना. रिंगच नाही, पाचसुद्धा नाही. त्यानंतर मुलीचा फोन आला की काकी घाबरून तो जाऊबाईंच्या हातात द्यायची.

आणि आता पोरीला पुन्हा दिवस होते. ती म्हणाली, "आये, ह्या येळेक तू ये."

काकी तोवर सावंतवाडीच्या पलीकडे गेली नव्हती. पासपोर्ट झाला, व्हिसा झाला, जावयाने तिकीट पाठवलं आणि बाकी सगळी तयारी माझ्या गळ्यात पडली. का, तर "पोस्टीण, तुमची पत्रा परदेशात जातत मा? मगे तुका वाट म्हायत आसतली." मी स्वतः विमानात पाऊल ठेवलेलं नव्हतं, पण उंटावरून शेळ्या हाकायला उंट लागतो कुठे? पंधरा दिवस मी रोज संध्याकाळी तिची शिकवणी घेतली. परदेशात चालेल असा पॅक मी फोनवर टाकला. विमानात बसल्यावर फोनमधलं विमानाचं चित्र दाबायचं, नाहीतर ते लोक रागावतात, हे तिच्याकडून रोज घोकून घेतलं. जावयाचा नंबर तिने एकदा ऐकला आणि पाठ केला.

कळवायचं कसं, हेही ठरलं. जावई म्हणत होता, व्हिडिओवर बोला. काकी ऐकेना. रोज दुपारी दीडला, माझ्या डब्याच्या सुट्टीत, ती मला रिंग देणार. एक म्हणजे बांगडो, सगळं नेहमीसारखं. आणि ज्या दिवशी बाळ होईल, बाळ-बाळंतीण सुखरूप असतील, त्या दिवशी तीन. पापलेट.

"आणि..." मी सुरुवात केली. तिने हातातली कढई उगाचच पुन्हा घासायला घेतली. पाचाचं नाव दोघींपैकी कुणीच काढलं नाही.

तिला सोडायला जीपभर माणसं गोव्यातल्या मोपाच्या विमानतळावर गेली. अंगावर लुगडं, वर लेकीने पाठवलेला जाड कोट, पिशवीत कोकमाची सोलं आणि मालवणी मसाला. आत जाताना तिने मागे वळून जाऊबाईंना ओरडून सांगितलं, "बांगड्यांका बर्फ घाल गो!" हे तिचे परदेशगमनाचे उद्गार.

विमान पहाटेचं होतं. वाटेत आखातातल्या एका मोठ्या विमानतळावर ते बदलायचं होतं. मी अकरा वाजता रजिस्टरच्या खिडकीवर बसले होते, पुढे रांग होती, आणि माझा फोन वाजला. परदेशातला अनोळखी नंबर. शेजारच्या खिडकीवरचे आमचे सहकारी भारी सावध गृहस्थ. "उचलू नका मॅडम," ते म्हणाले. "बाहेरून असे मिस कॉल देतात आणि आपण उलट फोन केला की फसवतात." मी उचलणार नव्हतेच, काकीच्या घरात राहून ती सवयच गेली होती. पण मोजायची सवय लागली होती. पाच रिंगा झाल्या आणि फोन बंद पडला.

माझ्या मनात आलं, योगायोग असेल. मिनिटभराने पुन्हा तोच नंबर. पुन्हा पाच, मोजून पाच.

मी खिडकी तशीच उघडी टाकून मागच्या व्हरांड्यात गेले आणि उलट फोन लावला. सहकारी मागून "मॅडम, मॅडम" करत राहिले. तिकडून एका बाईने दमलेल्या हिंदीत विचारलं, "दीदी, ये अम्मा आपका है क्या? मेरा फोन लेती है, बजाती है, काटके वापस देती है. मैं बोली, बात करो. बोलती है, नको, नको." ती तिथे साफसफाईचं काम करणारी केरळची बाई होती. एवढ्यात तिच्या हातून फोन कुणीतरी ओढून घेतला.

"गो पोस्टीण, फोन कित्याक केलंस? रिंग पोचली मा?"

"काकी! तुम्ही कुठे आहात?"

"ताच तर कळणा नाय. म्हणान पाच दिलंय."

परक्या देशात, परक्या माणसात वाट चुकलेल्या बाईने परक्या बाईचा फोन मागून घेतला होता आणि त्यावरून मला मिस कॉल दिला होता. कायदा म्हणजे कायदा. मी विचारलं, "तुमच्या फोनला काय झालं?"

"मेलो. इमानातसून उतरल्यापासून आवाज नाय तेचो."

"वर विमानाचं चित्र दिसतंय का?"

"दिसता मा. तूच दाबूक सांगितलंस."

"अहो काकी, ते उतरल्यावर परत दाबायचं होतं!"

मग तिचा आवाज आला, शांत आणि न्यायाधीशासारखा. "इमानात चढाक शिकवलंस. उतराक कधी शिकवलंस?"

मी खरंच शिकवलं नव्हतं. पंधरा दिवस घोकून घेतलं आणि अर्धंच शिकवलं. मला इतकी लाज वाटली की व्हरांड्यात उभी राहून मी स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. दुसरं विमान सुटायला पाऊण तास उरला होता. मी त्या केरळच्या बाईच्या अक्षरशः विनवण्या केल्या. ती म्हणाली, "टेन्शन नहीं, मैं हाथ पकड़के लेके जाती." आणि गेलीसुद्धा, झाडू तिथेच ठेवून. दहा मिनिटांनी काकीच्या स्वतःच्या नंबरवरून एक रिंग आली. बांगडो. विमान मिळालं होतं. मी आत जाऊन बसले तेव्हा रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, "कोण गेला काय गो बाय?" मी रडत रडत म्हटलं, "नाही आजोबा, बांगडे आले." त्यांनी मान डोलावली. मालवणातच अशा उत्तराने माणसाचं समाधान होऊ शकतं.

त्या केरळच्या बाईला काकीने सोलांची अख्खी पुडी दिली आणि तिचा नंबर एका नजरेत पाठ केला. पुढे तिलाही सणासुदीला एक रिंग जायला लागली. त्या बिचारीला अर्थ ठाऊक नव्हता, पण तीही उलट एक द्यायला शिकली.

मग रोज दुपारी दीडला एक रिंग. इकडे मासळी जाऊबाई घेत होत्या, पण चाळीस घरांना रिंगा द्यायचं काम माझ्याकडे होतं, कारण काकीने घडाघडा सांगितलेले चाळीस नंबर मी वहीत उतरवून घेतले होते आणि जाऊबाईंचे हात मासळीत. सकाळी ऑफिसला निघायच्या घाईत मी ते करायची. एकदा पाटीत पांढरं, चकचकीत काहीतरी बघितलं आणि बेधडक सगळीकडे तीन रिंगा दिल्या. अर्ध्या तासात ओट्यापुढे पिशव्या घेतलेल्या बायकांची जत्रा. पाटीत निघाली साधी, भरपूर काट्यांची बारीक मासळी. "शिरा पडली त्या पोस्टिणीच्या तोंडार," एक आजी म्हणाल्या आणि तीच मासळी घेऊन गेल्या. संध्याकाळी जावयाचा आयर्लंडहून निरोप आला: 'आई विचारतायत, पापलेट कुणी दिला?' इतक्या लांब ही बातमी कशी पोचली ते मला अजून कळलेलं नाही.

महिना झाला. तारीख जवळ आली तशी मला डबा जाईनासा झाला. एव्हाना सगळं पोस्ट ऑफिस या कारभारात सामील होतं. दीड वाजला की शिक्के थांबायचे. एक रिंग झाली की कुणीतरी म्हणायचं, "बांगडो," आणि शिक्के पुन्हा सुरू. सावध सहकारी तर आता घड्याळ बघून माझ्याआधी खिडकी बंद करायचे.

आणि एके दिवशी दीडला फोन वाजला नाही.

दोन वाजले. अडीच वाजले. मी फोन उलटा करून ठेवला, सुलटा केला, रेंज बघितली. मला जाऊबाईंनी सांगितलेले ते चार दिवस आठवायला लागले, रिंग नसलेले. स्वतः फोन लावावा तर धीर होईना. तीन वाजता जाऊबाई कधी नव्हे त्या पोस्टात आल्या आणि बाकावर बसून राहिल्या.

सव्वातीनला फोन वाजला. काकीचा नंबर.

एक. दोन. जाऊबाई उठून उभ्या राहिल्या. तीन. सगळ्यांचे चेहरे फुलले, मी ओरडायला तोंड उघडलं, आणि फोन थांबला नाही.

चार.

सहकाऱ्यांचा शिक्का हवेतच राहिला होता.

पाच.

मी डोळे मिटून घेतले. आता तो बंद पडणार होता. त्या एका क्षणात मी नको ते सगळं बघितलं. त्या पोरीचं घर, घडी करून ठेवलेली दुपटी, कोट घालून कोपऱ्यात बसलेली काकी. देवा, पाच नको, एवढंच म्हणत राहिले.

सहावी वाजली. मग सातवी.

"मॅडम, उचला!" सहकारी ओरडले. जन्मभर लोकांना 'उचलू नका' सांगणारा माणूस.

"नाही उचलायचा," मी म्हटलं. खरंच, माझा हात होत नव्हता. आठ. जाऊबाईंनी माझ्या दंडाला धरून हलवलं, "उचल गो बाय, माझ्या आवशी, उचल!" नवव्या रिंगला मी फोन उचलला. मालवणात आल्यापासून काकीचा पहिला उचललेला फोन.

हॅलो नाही, काही नाही. तिकडून एक बारीक, चिरका, विलक्षण संतापलेला आवाज येत होता. दम घेत घेत, जगाविरुद्ध तक्रार करत कुणीतरी रडत होतं. मग काकीचा आवाज आला.

"उचलूक इतको येळ?"

"काकी, तुम्हीच तर..."

"गप. आयक." पुन्हा ते रडणं. "आयकलंस? चेडू आसा. माझ्या चेडवाक चेडू झाला. दोगाय बरी आसत."

मी ऑफिसकडे बघून "मुलगी!" म्हटलं आणि आख्ख्या पोस्टात कल्ला झाला. जाऊबाई पदर तोंडाला लावून बाकावर बसल्या आणि हसत हसत रडायला लागल्या. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि तरी माझ्यातली कारकून काही गप्प बसेना.

"पण काकी, तीन रिंगा ठरल्या होत्या ना? माझा जीव गेला असता इथे!"

काकीला उत्तर शोधावं लागलेलं मी त्या एकदाच अनुभवलं.

"तीनच देवच्यो होत्यो गो," ती म्हणाली. "तीन झाल्यो, पण कापूक हात होयना. ह्या काय रिंगेत मावता?"

मग तिने फोन परत नातीच्या तोंडाशी धरला, आणि मी माझा फोन स्पीकरवर टाकून खिडकीच्या जाळीतून बाहेर ताटकळलेल्या रांगेकडे वळवला.